वरून तपासलेली गाठ

सर, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, म्हणून हे लिहितोय. हयात असता तर लिहिलं नसतं. मी लातूरला तुमच्या दवाखान्यात नवा होतो, तेव्हा जळकोटची एक बाई बसण्याच्या जागेजवळची मऊ गाठ घेऊन सासूबरोबर आली होती. बाकावरही एका अंगाला कलून बसायची. मी हातमोजे घातले तशी सासू मध्ये आली, "बाईमाणूस हाय, वरूनच बघा." मला बरंच वाटलं, अवघडलो तर मीही होतो. वरून चाचपली आणि केसपेपरवर 'चरबीची गाठ' लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनआधी हात धुता धुता तुम्ही विचारलंत, "आतून बोट घालून पाहिलंस? वर किती गेलीय?" असंच न तपासल्याबद्दल आठवड्यापूर्वी तुम्ही सगळ्यांसमोर माझा केसपेपर भिरकावला होता. मी म्हणालो, "पाहिलं सर. वर काही नाही." सहकाऱ्यानं तपासलं म्हटलं की तुम्ही पुन्हा तपासत नव्हता, त्याचा अपमान होतो म्हणायचात. गाठ मीच काढली. जिथे बारीक झाली तिथे संपली असं समजून कापली, आणि चरबीच म्हटल्यावर तपासणीला कुणी पाठवली नाही.

बारा वर्षांनी ती मला शोधत नांदेडला आली. एमआरआयमध्ये गाठ गुदाशयाला वळसा घालून मूत्राशयापर्यंत गेलेली. बायोप्सीत जे नाव निघालं, ते मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. ही गाठ सहसा दूर कुठे पसरत नाही, मात्र थोडी जरी मागे राहिली तरी पुन्हा वाढते. बाईनं जिवाचं विचारलंच नाही. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. "पोटाला ती शौचाची पिशवी लागंल का, साहेब? मंग माझ्या हातचं कोण खाईल?" शक्यतो टाळू, म्हणालो.

परवा ऑपरेशनला पोटातून आणि खालून, दोन्हीकडून गेलो. पाच तास लागले. माझ्याच जुन्या व्रणापाशी सगळं चिकटलेलं होतं, सोडवताना तिथेच गुदाशय फाटला. गाठ पूर्ण निघाली, पण पिशवी लावावी लागली. काही महिन्यांनी काढता येईल. शाळा तोवर तिची जागा ठेवेल असं वाटत नाही.

आज राउंडला तिनं विचारलं, "तवाच समदी निघाली असती तर ही येळ आली नसती, न्हाई का?"

"अशा गाठी परत येतात, बाई."

हे खोटं नाही, सर. म्हणूनच इतकं सहज बोलता आलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. ती "व्हय, नशीब" म्हणाली आणि सलाईनची सुई सांभाळत तिनं मला हात जोडले. मी जोडू दिले.