तळव्यावरची टिचकी

उधना, मंगळवार, पहाट

सासूबाई आत्ता कुठे आडव्या झाल्यात. मला झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

छकुली दिवस भरायच्या आधीच आली. भुकेनं रडायचंही बळ नाही तिला. म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, दर दोन तासांनी उठवून पाजा, उठली नाही तर तळव्याला टिचकी मारा. यांची तर कापडाच्या लूमवर रात्रपाळी. आणि सासूबाई धुळ्याहून आल्या त्याच दिवशी म्हणाल्या, "निजेल पोरले उठाडनं पाप शे." झोपलेल्या लेकराला उठवणं पाप म्हणे! आता या मला पोरीला पाजू तरी देतील का?

पण गजर वाजायच्या आत त्याच उठून बसलेल्या असतात. मी दूध काढून देते. त्या छकुलीला मांडीवर घेतात, आधी त्या अंगठ्याएवढ्या पावलाला हात लावून नमस्कार करतात. "माफ कर वं माय माले." मग टिचकी. मग वाटीतलं दूध चमच्यानं, ठसका लागू न देता. पोरीचा डोळा लागला की पुन्हा नमस्कार, पुन्हा टिचकी. नमस्कार एकदाही चुकला नाही. जन्मभर जे पाप मानलं, तेच रात्रभर करत बसायचं. माझ्याच्यानं झालं असतं?

आज पहाटे त्यांनी पावलाकडे हात नेला आणि छकुली आपणहून रडली. चांगली खणखणीत, शेजारच्या लूमच्या खडखडाटातही ऐकू येईल अशी. आम्ही दोघी बघतच राहिलो.

टिचकीची गरजच उरली नाही. सासूबाईंनी नमस्कार मात्र केला.