दू नदीची ओटी

टी. टी. नगर, भोपाळ
१२ मे १९५९

चि. नीळकंठ यास,
आजीचे आशीर्वाद, आणि सोबत एक कानउघाडणी. ती आधी वाच.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे दुपारी ओट्यावर क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्या बायका जमल्या आणि मी मोठ्यानं वाचलं. माझी शाळा दुसरीत संपली. मी एकेक अक्षर लावत वाचते, पुढे काय येणार ते मलाही ठाऊक नसतं. त्यामुळे तू दर रविवारी अर्ध्या चड्डीत सायकलवर रानात हिंडतोस आणि परवा नदीच्या उतारात सायकलसकट आडवा झालास, हे मला आणि शशिकलाबाईंना एकाच वेळी कळलं. शशिकलाबाई म्हणजे ज्यांच्या सुचेताशी तुझी बोलणी चालली आहेत त्या, हे तुझ्या लक्षात असेल असं धरून चालते. त्यांनी चहा अर्धा ठेवला.

सरकारनं तुला वीज करायचं शिकायला फ्रान्सला पाठवलं की गिट्टी तुडवायला? गिट्टीवर सायकल चालवायची तर तिकडे कशाला जायला हवं. नागपूर सोडून सरकारी दप्तरांमागून आपण इथे आलो, तेव्हापासून क्वार्टरसमोर रस्ता होणार म्हणून गिट्टीचा ढीग पडून आहे. तुझा बाप काशिनाथ रोज सायकल हातात धरून तो ढीग चढतो आणि कचेरीला जातो. त्याबद्दल कोणी पत्रं लिहीत नाही.

आता नदीचं. एका दिवसात तिला पाच वेळा ओलांडतोस आणि एकदाही हात जोडत नाहीस. एवढी येजा करायची आणि ओळख ठेवायची नाही, मग ती पाडेल नाहीतर काय करेल. तिची ओटी भर. तुझ्या खात्यातले एक साहेब विमानानं तिकडे यायचेत, त्यांच्याबरोबर खण, सुपारी, हळदकुंकू पाठवते. खण हिरवा आहे, काठावर मोर. तुझ्या आईच्या ट्रंकेतून काढला. तिला बोलू नकोस. सुमित्रा दिवाळीशिवाय ट्रंक उघडत नाही.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवायचा की नाही ते तुझं पुढचं पत्र बघून.
तुझी आजी,
मनोरमा


बेझाँसों, फ्रान्स
७ जून १९५९

ती. स्व. आजीस,
नीळूचे सा. न. वि. वि.

पुडकं मिळालं. विमानतळावरच्या माणसानं हळद चाटून पाहिली, असं साहेब सांगत होते, आणि ते सांगताना माझ्याकडे फार प्रेमानं बघत नव्हते.

आजी, ती गिट्टी आपल्या ढिगासारखी नसते. लाकडाच्या गाड्या रानात जाव्यात म्हणून इथे पांढऱ्या दगडाची बारीक खडी घालून रस्ते केले आहेत. दोन्ही बाजूंना झाडं इतकी दाट की भर दुपारी दिवेलागणीचा उजेड असतो. चाकाखाली खडी चुरमुरे भाजल्यासारखी वाजते, दुसरा आवाज नाही. मग उतार लागतो, रान संपतं आणि खाली दरी उघडते. तळाशी दू नदी, कुरणांतून वळणं घेत चाललेली. सरळ वाहणं तिला माहीतच नाही. एका पुलावरून पलीकडे गेलो की ती वळसा घालून पुन्हा पुढ्यात हजर. पाच वेळा ओलांडतो त्यात माझा दोष नाही.

सायकल आमच्या फोरमननं दिली आहे, त्याची जुनी. दर रविवारी थोडा थोडा वर सरकतो. नोव्हेंबरात परत निघण्याआधी उगमापर्यंत जायचं आहे. ती म्हणे डोंगरातल्या गुहेतून निघते.

ओटीच्या बाबतीत दोन अडचणी. इथे नारळ मिळत नाही. आणि पुरुषानं भरलेली ओटी चालते का?

तुझा लोभ खडीवरून घसरू नये ही विनंती.
तुझा,
नीळू


भोपाळ, १७ जून

चि. नीळकंठास,
आशीर्वाद, घाईत.

एवढा खुळा प्रश्न तुझ्या आजोबांनीही कधी विचारला नव्हता, आणि त्यांनी पुष्कळ विचारले. ओटी सवाष्णीनंच भरायची. मी तिथे असते तरी माझा उपयोग नव्हता. तिकडच्या बायकांना कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, तेव्हा बघून कळायचं नाही. सरळ विचार की बाई, तुमचा नवरा जिवंत आहे का. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नारळाऐवजी सफरचंद चालेल. किडकं नको. परकी नदी म्हणून काहीही खपवायचं नाही.

लोभ ओटी झाल्यावर.
आजी


बेझाँसों, २० जुलै

ती. स्व. आजीस, सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे एका गावच्या पुलावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना विचारू लागलो. माझं फ्रेंच कारखान्यापुरतं. टर्बाइन चालू आहे का एवढं मला विचारता येतं, त्यात टर्बाइनच्या जागी नवरा घातला. पहिली बाई सायकलवरून उतरलीच नाही. दुसरीनं विचारलं की मी विमा विकतो का. तिसरी तडक गेली आणि पोलिसाला घेऊन आली.

पोलीस भला निघाला. सगळं ऐकून त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला की पुलाजवळच्या खाणावळीतल्या मादाम बेर्त यांचा नवरा नक्की जिवंत आहे, कारण तो स्वतः आत्ताच त्याच्याशी पत्त्यांत हरून आला.

मादाम साठीच्या आहेत. माझ्याकडून कुंकवाची पुडी घेऊन मी दाखवलं तसं कपाळाला लावलं, घागरा खोचला आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या. हळदकुंकू, सुपारी, सफरचंद सगळं रीतसर वाहिलं. फक्त खण पाण्यात बुडवला आणि पिळून परत घेतला. म्हणाल्या, एवढं चांगलं कापड माशांना कशाला. नदीनं बघितलं, झालं. खण त्यांनाच ठेवायला सांगितला.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं फोटो काढला. मी तेव्हा टायरमधला खिळा काढत होतो. फोटो तो स्वतःच धुऊन तुमच्या पत्त्यावर पाठवणार होता, एव्हाना टाकलाही असेल. तेव्हापासून एकदाही पडलो नाही.

तुझा लोभ आता सुरू व्हायला हरकत नसावी.
नीळू


भोपाळ, ६ ऑगस्ट

चि. नीळकंठ यास,
आशीर्वाद देते, पण तुला ते पुरतील असं वाटत नाही.

तुझ्या पत्राच्या चार दिवस आधी फोटो आला. डाकियानं तो ओट्यावर तुझ्या आईच्या हातात दिला, आणि ओटा भरलेला. फोटोत एक मडम, चेहरा उन्हात पुसलेला, वय काही कळेना. पण कपाळावर भलं मोठं कुंकू, हातात खण, आणि शेजारी तू. सायकलच्या दांडीला फुलं बांधलेली. ती कोणी बांधली ते तू लिहिलं नाहीस.

शशिकलाबाईंनी फोटो उजेडात धरला आणि मोर ओळखले. संक्रांतीला तुझ्या आईनं तोच खण त्यांना दाखवला होता, हा सुचेताच्या साखरपुड्याला म्हणून. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खणावर नाव घालून ठेवायची पद्धत आपल्यात नाही. सुमित्रानं ऑगस्टात ट्रंक उघडली. खण नाही. मग ती रडली, आणि फ्रान्सला जाताना तूच तो चोरून नेलास असं म्हणाली. खण मी काढला हे मी लगेच सांगितलं नाही, कुठवर जातंय ते बघायला.

ते फार लांब गेलं. नदीच्या ओटीचं ओट्यावर सगळ्यांनी ऐकलं होतं, पण मडमेच्या कुंकवापुढे ते कोणाला आठवेना. लाइनीत आता तुझं लग्न झालेलं आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर वाचायला बसले, तर ऐकायला एक बाई आली नाही. शशिकलाबाईंच्या अच्युतरावांनी निरोप पाठवला की लग्न झालेल्याला दुसरी मुलगी द्यायची आता कायद्यानंही सोय नाही, आणि गणपती बसायच्या आत ते इंदूरच्या स्थळाला होकार कळवणार आहेत. बाप सुचेताचा, त्याला बोलायचा हक्क आहे. पण मूर्खपणाचा नाही. मी उद्या तुझं पत्र घेऊन त्यांच्याकडे जाते.

लोभाचं नंतर बघू.
आजी


बेझाँसों, १५ ऑगस्ट

ती. स्व. आजीस, सा. न. वि. वि.

मादाम बेर्त स्वतःच्या लग्नाचा दाखला पाठवायला तयार आहेत. नवरा म्हणतो, परत नाही आला तरी चालेल. फुलं त्यानंच बांधली होती.

आजी, एक कोणालाच सांगितलं नव्हतं. सुचेताला बघायला गेलो तेव्हा पोहे देताना तिनंच सांगितलं की मीठ कमी पडलंय, आणि वर म्हणाली की आई नाही म्हणेल पण पडलंय. तेव्हाच मला ती पसंत होती. इंदूरला होकार जाऊ देऊ नकोस. सायकल सोडायला सांग, सोडतो.

तुझा लोभ असो वा नसो, कृपा कर.
नीळू


भोपाळ, २६ ऑगस्ट

चि. नीळकंठास, आशीर्वाद.

रडका सूर बंद कर. जमलं.

मी गेले, सगळं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं. शशिकलाबाई म्हणाल्या, खरं असलं तरी आमच्या मुलीचा खण दुसरीच्या हातात गेला, हे शुभ नाही. मी म्हटलं, खण विमानात बसला, नदीला दाखवला आणि धड पाण्याबाहेर आला. या लाइनीत एवढं कोण हिंडलंय ते सांगा. अच्युतराव वर्तमानपत्राआड बसून होते. तेवढ्यात सुचेता बाहेर आली, फोटो हातात घेतला आणि आईला म्हणाली की नवरीकडे पाठ करून खिळा काढत बसलेला नवरा तू कुठे बघितलास.

मग तिनं तुझी सगळी पत्रं मागितली. नेली, चार दिवस ठेवली, आणि बापाला सांगितलं की इंदूर नको. तिची एक अट आहे. तू तिला स्वतंत्र लिहायचं, आणि ते पत्र ओट्यावर वाचलं जाणार नाही. शशिकलाबाई म्हणाल्या, लग्नाआधी असं कोणाकडे होत नाही. मी म्हटलं, होऊ दे. गिट्टी वाचून वाचून माझे डोळे गेले. तेव्हा यापुढे रान, दरी, पूल जे काय असेल ते तिला लिही. मला तब्येतीचं कळव, बस. सायकल सोडायचं मी तिला विचारलं, ती नको म्हणाली. काय बघितलंय तिनं त्यात, देव जाणे.

तू आल्यावर साखरपुडा. सुमित्रानं दुसरा खण आणलाय आणि किल्ली कमरेला लावलीय.

लोभ तुम्ही दोघं आपसात वाटून घ्या.
आजी


भोपाळ, २२ ऑक्टोबर

चि. नीळकंठ यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यात एवढंच: तब्येत बरी आहे, थंडी पडली आहे, आजीस नमस्कार. ओट्यावर बायका जमल्या होत्या. मी तेच तीनदा वाचलं. मग त्या स्वेटरच्या टाक्यांवर बोलायला लागल्या.

सुचेताकडे जाड पाकिटं येतात ती डाकिया आमच्या दारावरूनच नेतो. चक्कीवर भेटली तेव्हा विचारलं की काय लिहितो. म्हणाली, काही विशेष नाही, आणि पिठाच्या डब्यात बघून हसली. काही विशेष नाही ते लिहायला एवढं पाकीट लागत नाही, एवढं दुसरीतही शिकवतात.

मला गिट्टीचं काही पडलेलं नाही. पण मे महिन्यापासून त्या नदीच्या काठाकाठानं आम्ही सगळ्या तुझ्यामागून वर चढत आलो, आणि नेमकं शेवटी आम्हाला पुलावर उतरवून तू तिला घेऊन पुढे गेलास. उगमाला पोचलास की नाही? गुहेतून निघते म्हणजे कशी निघते, एकदम की झिरपत? आत माणूस शिरतो का? शशिकलाबाई स्वतःच्या मुलीला विचारू शकत नाहीत, म्हणून मला रोज विचारतात.

तिला लिहायचं ते तिला लिही, त्यात मी डोकावत नाही. पण तेवढं उगमाचं पान मला वेगळं पाठव. अक्षर मोठं काढ, सगळ्यांसमोर वाचायचं आहे.

लोभ वाढवला आहे. त्याची लाज ठेव.
तुझी आजी,
मनोरमा