कठड्याची साक्ष

प्रिय धाकटोबा,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. एकोणीस वर्षं निश्चल उभा असलेला आमच्या जिन्याचा कठडा तुझ्या तीन दिवसांच्या मुक्कामानंतर डळमळू लागला आहे. हात लावला की खालच्या वळणावरचा खांब, नको असलेलं स्थळ सांगून आल्यासारखी मान हलवतो. तुझ्या वहिनीचं म्हणणं, असू दे, पाहुणा गेल्यावर घरातलं कुणीतरी हललं म्हणायचं. पण मी हा विषय इतक्या सहज सोडणाऱ्यांपैकी नाही. सुताराला बोलावलं. त्याने खाली बसून खांबाची नाडी पाहिली, निसटलेले दोन स्क्रू तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "कुणीतरी अंगाचा सगळा भार टाकून उतरतंय. घरात म्हातारं माणूस आहे का?" यावर तुझी वहिनी पापणीही न लववता म्हणाली, "आहेत ना, हे काय समोर बसलेत." सुताराने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती करुणा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पचवणं सोपं नाही. त्यानंतर तो जे काही बोलला ते जरा मोठ्या आवाजात, मला ऐकू यावं म्हणून.

असो. तुझी चाचणी होऊन पाच दिवस झाले, आणि इकडे काय चाललंय हे विचारायला तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा बोललास मात्र हवापाण्यावर. हवा उत्तम आहे. आमच्या फुटबॉल क्लबात नव्या खेळाडूंच्या यादीचा हंगाम चालू आहे. ज्यांचा करार संपला आणि जुन्या क्लबाने पुन्हा केला नाही, त्यांना हल्ली फ्री एजंट म्हणतात. बाबांनी लहानपणी माझ्याकडून जे संस्कृत घोकून घेतलं, त्याप्रमाणे याला मुक्त म्हणायला हवं. पण मुक्त झाल्याबरोबर नवं बंधन कुठे मिळेल म्हणून दारोदार फोन करत सुटणारा मुक्त पुरुष बाबांच्या एकाही पोथीत मला भेटला नव्हता. यंदा असे आठ जण आले. जागा दोन: एक पुढे, गोल करायला, एक मागे, मधल्या बचावाला. माझं काम नेहमीचंच, सगळ्यांना पारखून कोणाला घ्यावं ते कोचला लिहून द्यायचं. यादीत सहाव्या क्रमांकावर तुझं नाव दिसलं तेव्हा मी आधी चष्मा पुसला आणि मग कोचच्या खोलीत गेलो. म्हटलं, सहावा माझा सख्खा भाऊ आहे, मला यातून वगळा. त्याने फळ्यावरची लोहचुंबकं सरकवता सरकवता सांगितलं, "मग तर तुमचंच मत हवं. परक्याला तुम्ही एकदा तपासता, घरच्याला चारदा तपासाल." ही स्तुती होती की शिक्षा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढच्या जागेची गोष्ट आधी सांगतो, कारण ती सोपी होती. या जागेसाठी एक बडे साहेब आले होते. तूही त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतलास, नाकारू नकोस. दहा वर्षांपूर्वी सबंध देश त्यांच्या पायाकडे बघत होता. आता ते स्वतःच बघतात. मैदानात ते धावत नव्हते, दर्शन देत होते. कोचला मोह झाला होता. साहेब आले तर स्टेडियम भरेल म्हणाला. मी म्हटलं, भरेल, पण दुसऱ्या सामन्याला लोक साहेबांना सोडून चेंडू बघायला लागतील, आणि तो त्यांच्याजवळ नसेल. त्याऐवजी मी पोस्टमनचं नाव दिलं. तोच, एकतीस वर्षांचा, कान मोठे असलेला, आलेला चेंडू स्वतःजवळ न ठेवता ज्याचा त्याला पोचवणारा. स्वतःचा चेंडू गेला तेव्हा कुणाला एक शिवी न देता तो चाळीस मीटर मागे धावत आला. चेंडू पायात असताना सगळेच देखणे दिसतात. मी माणूस बघतो तो चेंडू दुसऱ्या टोकाला असताना. तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो की काही करतो, यावर माझं निम्मं मत ठरतं.

मागच्या जागेला तुम्ही दोघंच उरलात. एक तू. दुसरा तो तेवीस वर्षांचा उंच मुलगा, ज्याला तू दुपारीच मौनी असं नाव ठेवून मोकळा झालास. बचावाच्या मध्यावर उभं राहून जो ओरडत नाही, त्याचा उपयोग काय, असं तू मला जेवताना विचारलंस आणि रास्तच विचारलंस. तासाभरात तो एकदाच बोलला, "मागे!" आणि तेही अशा संकोचाने, की गोलरक्षकाला वाटलं कुणीतरी आपल्याला पत्ता विचारतंय. पण त्याचे पाय इतरांच्या अर्धं पाऊल आधी निघतात. तुझे निघत नाहीत. तुला गरजच पडत नाही. समोरचा कुठे जाणार हे त्याच्या मनात यायच्या आधी तुझ्या मनात येतं आणि तू आधीच तिथे जाऊन उभा असतोस, बस चुकू नये म्हणून थांब्यावर लवकर गेलेल्या माणसासारखा. त्या तासाभरात तुझ्या मागून एकही चेंडू गेला नाही. मी वहीत तसं लिहिलं आणि लिहिताना माझा हात जरा जास्तच सुवाच्य चालत होता, हे कबूल करतो.

आता पायऱ्यांचं. आमच्या स्टेडियमात कपडे बदलायच्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. का, ते बांधणाराच जाणे. मैदानात यायला चौतीस दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. सगळ्यांना वाटतं, चाचणी शिट्टी वाजल्यावर सुरू होते. खरी चाचणी तोवर अर्धी झालेली असते. मी तळाच्या बाकावर वर्तमानपत्र धरून बसतो आणि त्याच्या वरून गुडघे वाचतो. पायऱ्या चढताना कुणीही वेळ मारून नेतो. उतरताना ते जमत नाही. दुखरा गुडघा असला की पाऊल किंचित तिरकं पडतं, किंवा एका पायरीवर दोन्ही पाय जुळतात, किंवा माणूस मध्येच बुटाची नाडी सोडून बांधायला लागतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मी पंचविशीत होतो, माझ्या शेवटच्या हंगामात, तेव्हा सकाळी उठल्यावर मला उभ्याने जिना उतरता येत नसे. मी बसून उतरायचो, एकेक पायरी. तू पाच वर्षांचा होतास, घरातलं शेंडेफळ. तुला वाटलं हा नवा खेळ आहे. तू माझ्या मागे बसायचास, माझा शर्ट घट्ट धरायचास आणि प्रत्येक पायरीला तिकीट मागायचास. घसरगाडी असं तूच त्याचं नाव ठेवलं होतंस. आई खालून ओरडायची, की घोडा एवढा मोठा झाला तरी पोरात पोर होतो. मी तिला तसंच समजू दिलं. क्लबाच्या डॉक्टरांनाही रोज "नाही दुखत" असं सांगून मी आणखी अकरा सामने खेळलो. ते अकरा सामने कुणाला आठवतही नाहीत, मला धरून. गुडघा मात्र रोज आठवण करून देतो. गेली चार वर्षं मी घरात वरच्या मजल्यावर गेलेलो नाही. अंथरूण खाली, पुस्तकं खाली, आणि वर काय आहे ते तुझी वहिनी सांगेल ते खरं.

शनिवारी तू त्या चौतीस पायऱ्या दोन-दोन करत उतरलास, शीळ घालत. तळाशी येऊन माझ्या वर्तमानपत्रावर टिचकी मारलीस आणि म्हणालास, "दादा, पेपर उलटा धरलायस." मी खरोखर खाली पाहिलं. सुलटा होता. तू हसत पुढे गेलास आणि मी वहीत लिहिलं: सहावा, गुडघे निर्दोष. नंतर डॉक्टरांनी तुझा पाय वाकवला, दाबला, एक्स-रेची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, वयाच्या मानाने ठीक. बाकी दुखतं की नाही हे ज्याचं त्यालाच माहीत. त्यांनी विचारलं, आणि तू "नाही" म्हणालास. त्या संध्याकाळी मी अहवालाचा मसुदा लिहिला. बचावाच्या जागेपुढे तुझं नाव होतं. भाऊ म्हणून तर नव्हे ना, असं मी स्वतःला चार वेळा विचारून घेतलं. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. पायऱ्यांचं हे गुपित मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलंय. सात वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नाच्या जेवणानंतर, खुशीत येऊन, तुलाच. परीक्षकाने स्वतः पेपर फोडायचा आणि मग विद्यार्थ्याच्या हुशारीवर खूश व्हायचं, असा हा प्रकार.

बाबा शिकवायचे, की ज्ञान तीन वाटांनी होतं: डोळ्यांनी पाहून, खुणेवरून ताडून, आणि भरवशाच्या माणसाच्या शब्दावरून. पायऱ्यांवर मी डोळ्यांनी पाहिलं आणि फसलो. मग सुतार आला. तो गेल्यावर मी जिन्याखाली बसून हिशेब जुळवू लागलो. मी वर जात नाही. तुझी वहिनी दिवसातून दोनदा जाते, पण दोन्ही हातांत कपड्यांचा ढीग घेऊन. कठड्याला ती शिवतसुद्धा नाही. उरलास तू, वरच्या खोलीत तीन रात्री झोपलेला. वहिनीला विचारलं, तर म्हणाली, तिन्ही सकाळी मी फिरायला बाहेर पडल्याची कडी वाजली की मगच तू खाली यायचास, आणि फार सावकाश यायचास. तिला वाटलं, झोप उडाली नसेल. तरीही मी स्वतःशी वाद घातला. स्क्रू जुने असतील. लाकूड आक्रसलं असेल. भावाच्या बाजूने भांडायला माझ्याकडे मुद्दे पुष्कळ होते.

काल संध्याकाळी तुझ्या बायकोने फोन केला, वहिनीशी बोलायला, आणि मध्येच तुझ्या लेकीने तो तिच्या हातून काढून घेतला. तिला मला महत्त्वाची बातमी द्यायची होती. म्हणाली, "काका, आमच्याकडे रोज सकाळी घसरगाडी असते! बाबा डायवर, मी कंडक्टर. बाबांकडे तिकीटच नसतं!" चार वर्षांची आहे, खोटं बोलायला अजून शिकलेली नाही. तिसरी वाट ती. मी तिला म्हटलं, विनातिकीट ड्रायव्हरला उतरवून द्यायचं असतं. ती खूप हसली. मी फोन ठेवला आणि मसुद्याचं पान नव्याने लिहिलं. उद्या सकाळी तो अहवाल कोचच्या टेबलावर जाईल. त्यात पोस्टमन आहे आणि मौनी आहे. तू नाहीस. शेवटी एक ओळ जास्तीची आहे: या मुलाला मैदानात ओरडायला शिकवणारं कुणीतरी शोधावं. कुणी, ते लिहिलेलं नाही. तू असल्या कामाला शिट्टीवाल्यांचं काम म्हणतोस हे मला माहीत आहे, म्हणून तू होय म्हणेपर्यंत मी ते नाव उच्चारणार नाही. गुडघ्याचं मी कोचला काही सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही; ते तुझं तू सांगायचंस. आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तू रागावशील, महिना दोन महिने फोन करणार नाहीस, ते मी सोसेन; हवापाण्याचं मी वर्तमानपत्रात वाचून घेईन. काळजी वेगळीच आहे. आणखी पाच-सहा क्लब असेच माणसं शोधतायत. तिथल्या खोल्या तळमजल्यावर असतील. तुला कुणीतरी घेईल, कारण तू अजूनही आमच्या आठही जणांत सर्वांत चांगला होतास. डॉक्टर विचारतील, आणि तू पुन्हा "नाही" म्हणशील. मग एक दिवस तुझी लेक मोठी होईल, आणि तिला कळेल की तो खेळ नव्हता. मला त्याचीच भीती वाटते, धाकट्या. बाकी काही नाही.

तुझाच, जिन्याच्या खालच्या टोकाशी बसलेला,
दादा