पन्नास नंबरचं जेट

प्रिय प्रफुल,

इथे सगळे बरे आहेत, लुना सोडून. धान कापून झालं, चुरणं आठ दिवसांत होईल. तलावात यंदा रोहू चांगला वाढला आहे. तुझ्या बहिणीचा, प्रेमिलाचा, गुडघा दुखतो, पण कापणीत ती बाकीच्या बायांच्या पुढेच होती. माझं अक्षर बघून तू पाकीट उघडशील की नाही, माहीत नाही. तिचा फोन तू उचलतोस, माझा उचलत नाहीस, आणि त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. म्हणून लिहायला बसलो. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण गुरुजींनी पत्रलेखन घोटून घेतलं होतं, ते अजून कामी येतं आहे.

आधी लुनाचं सांगतो. गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. हे पत्र लिहिण्याआधी ती मला माझ्या हाताने नीट करायची होती. का, ते पुढे येईल. पायडल मारलं की ती चालू होते, दोन मिनिटं गोड चालते, आणि मागे मासळीची पेटी बांधून तलावाच्या पाळीवर चढवली की मधेच दम टाकते. पुन्हा स्टँडला लावायची, पुन्हा पायडल. नागभीडच्या बाजारात आठला पोचायचं तर मी नऊला पोचायचो, घामाघूम, आणि तोवर हॉटेलवाले दुसऱ्याकडून घेऊन गेलेले असायचे. तू सांगायचास, प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा निघाला की समजायचं गाडी खूश आहे. माझा प्लग सहा वर्षं काजळासारखा काळा आणि ओला निघत होता. पेट्रोल दीडपट प्यायची आणि मागे इतका धूर सोडायची, की शेजारचा मुखरू मला बघून म्हणायचा, "भाऊ, मासे ताजे नेऊन राह्यला का भाजून?"

तू नागभीडचं गॅरेज बंद करून कोरपन्याकडे सिमेंट कारखान्याच्या गाड्या दुरुस्त करायला गेलास, त्यानंतर मी चार मिस्त्री केले. प्रत्येकजण कार्बोरेटरचा एक स्क्रू अर्धा फेरा इकडे फिरवतो, दुसरा तिकडे, आणि म्हणतो, आता पळते बघा. गावाच्या वेशीपर्यंत पळते. एकाने पेट्रोलला दोष दिला, एकाने माझ्या वजनाला. शेवटी मी स्वतःच खाली बसलो. कार्बोरेटरची वाटी उघडली, गाळ पुसला, पेट्रोल ज्या बारीक भोकातून चढतं ते पितळेचं जेट काढून रॉकेलमध्ये बुडवलं आणि ते घेऊन स्टेशन रोडच्या जंगूच्या दुकानात गेलो. जुन्या दुचाक्यांचे पार्ट आता त्याच्याकडेच मिळतात. त्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "पन्नास नंबर. कंपनीचंच आहे, ओरिजिनल." मी म्हटलं, नीट बघ, ते बदललेलं असेल. त्याने भिंग माझ्याच हातात दिलं. पितळेच्या कडेवर पन्नास कोरलेला होता, शेजारी कंपनीची खूण.

मग त्याने डबीतून तेवढ्याच नंबरचं नवं जेट काढलं आणि क्लचच्या वायरीचा एक धागा घेतला. नव्या जेटात तो अडून बसला, ओढल्याशिवाय बाहेर येईना. माझ्या जेटात तोच धागा लुळा हलत होता, जसं पोराच्या चपलेत बापाचं... नाही, उलटं, बापाच्या चपलेत पोराचं पाऊल. जंगू म्हणाला, "ह्याच्यात कोणीतरी टोचा मारला. पितळ मऊ राह्यते ना भाऊ, एका टोच्यात भोक फाकते. कोण मारला?" मी पैसे देऊन निघून आलो. ते जुनं जेट या पाकिटात कागदात गुंडाळून ठेवलं आहे. तू नंबर वाच.

मला वाटलं होतं, नवं जेट घातलं की संपलं. संपलं नाही. आता प्लग पांढरा पडतो आणि गाडी चढावर तापून बसते. सहा वर्षं त्या फाकलेल्या भोकाला जमवून घ्यायला प्रत्येकाने जे जे फिरवलं होतं, ते सगळं आता नव्या जेटाच्या विरोधात उभं आहे. तेलाचं प्रमाण वाढवलं, कमी केलं. सायलेन्सर काढून तणसात जाळला, काजळी खरवडली. फ्लोट वाकवला, सरळ केला. एक दिवस इतका वैतागलो की दहाचा पाना तलावात फेकून दिला. तो उसना आणलेला होता, म्हणून थंड पाण्यात तासभर बुड्या मारून शोधावा लागला. जाळं टाकणारा चैतू डोंग्यातून बघत होता. म्हणाला, "काऊन इस्तारीभाऊ, यंदा पान्याचं बीज सोडलं का?" सगळे हसले. मलाही हसू यायला हवं होतं, आलं नाही. देवाने मला पाणी वाचायची अक्कल दिली, कोणत्या वळणाला कोणता मासा बसला आहे ते मी काठावरून सांगतो. पण या मुठीएवढ्या यंत्रात हवा किती आणि पेट्रोल किती, हे तुझ्या कानाला नुसत्या आवाजावरून कळायचं, ते मला तीन आठवडे डोकं लावूनही कळलं नाही. चिडचिड झाली ती यंत्रावर, असं मी प्रेमिलाला सांगत होतो.

आता सहा वर्षांपूर्वीच्या त्या चैत्राचं लिहितो. तू विसरला नसशील, पण मला ते माझ्या हाताने लिहायला हवं. आदल्या दिवशी तू गाडी साफ करून दिलीस. दुसऱ्या दिवशी चाळीस किलो मासळी घेऊन लग्नघरी निघालो आणि जंगलाच्या पट्ट्यात ती बंद पडली. उन्हात मासळी सडली, लग्नघराने चारचौघांत बोल लावला. संध्याकाळी पाळीवर मातामायच्या ठाण्यापाशी आपल्या मच्छीमार सोसायटीची बैठक होती. तीस माणसांसमोर मी म्हटलं, माझ्या साळ्याने ओरिजिनल जेट काढून घेतलं आणि डुप्लिकेट बसवून दिलं. तू चिडला नाहीस. एवढंच विचारलंस, "भाऊजी, तुमी जेटात काही घातलं होतं का?" मी म्हटलं, नाई. आणि वर म्हटलं, खरा असशील तर मायच्या दगडाला हात लावून सांग. तू म्हणालास, "पितळेच्या एवढ्याशा तुकड्यासाठी मायले हात नाई लावत मी," आणि निघून गेलास. तू हात लावला नाहीस, म्हणजे कबूल केलंस, असं सगळ्यांनी धरलं. आपल्या मोहल्ल्यातल्या बारा लुना तुझ्या गॅरेजवरून सरळ पुढे जाऊ लागल्या. दिवाळीपर्यंत तुझं शटर खाली आलं.

जंगूच्या भिंगातून मला पहिल्यांदा कळलं, असं मी या पत्रात लिहिणार होतो. एक कागद तसा लिहून फाडलाही. खरं असं आहे की त्या आदल्या दिवशी गाडी घेऊन तुझ्याकडून निघालो आणि अर्ध्या वाटेत ती दोनदा खोकली. परत तुझ्याकडे यायचा कंटाळा आला. मी वाटी उघडली, जेट काढलं, आणि खिशात मासे धरायची गरी होती, तिचं टोक त्या भोकात घालून कचरा काढला. कचरा होता की नाही, तेही आठवत नाही. तू विचारलंस तेव्हा गरी माझ्या खिशातच होती आणि मला सगळं आठवत होतं. तीस माणसं बघत होती, मी नाही म्हटलं. नंतर सहा वर्षं मनाला समजावलं, की एवढ्याशा टोकाने काय होणार, चूक दुसरीच काही असेल. जंगूकडून आलो त्या दिवशी प्रेमिलाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "जेटाचं मले काही समजत नाई. पण सहा वर्षांत तुमी मायच्या दगडाले हात नाई लावला, दुरूनच पाया पडता, हे मी पाहून राह्यली."

सोमवारी सकाळी नऊला सोसायटीची वार्षिक सभा आहे, त्याच जागी. जे तीस माणसांसमोर बोललो, ते तीस माणसांसमोरच परत घेणार आहे, आणि गरीचंही सांगणार आहे. ते तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. लुना आधी नीट करायची होती ती याचसाठी, की गाडी अडली म्हणून भाऊजीला साळा आठवला, असं तुला वाटू नये. ती नीट झाली नाही. मासळी मी सायकलवर नेतो, आणि तू आलास तरी तिला तू हात लावायचा नाहीस. ये, असं म्हणायचा हक्क मी त्याच बैठकीत घालवला. प्रेमिलाने घालवलेला नाही. ती म्हणते आहे, ये.

तुझाच,
इस्तारी