चिमणीचा जुना ब्रश

४ मार्च
आलो एकदाचे! जलशुद्धीकरण केंद्रात नोकरी, फाटकाला लागूनच दोन खोल्यांचं घर, आणि आमच्या पाच वर्षांच्या चिमणीला पळायला मोठ्ठं अंगण. माझं काम, पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजणारे सेन्सर सांभाळणं. इथल्यांनी लगेच माझं नाव ‘आंबटशौकीन’ ठेवलं. बायको पोट धरून हसली. चिमणीने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, लोणचं आवडणारा.

६ मार्च
तीन नंबरच्या टाकीतल्या सेन्सरवर शेवाळाचा थर बसला होता, आकडे वाटेल तसे उड्या मारत होते. टोकाचा काचेचा फुगा नाजूक, त्याला मऊ ब्रशच लागतो. घरून चिमणीचा जुना टूथब्रश नेला. काच लख्ख निघाली. ऑपरेटरकाका म्हणाले, कशाला एवढा जीव लावतोस, हे सेन्सर वर्ष-दीड वर्षात मरतातच.

९ मार्च
तीन नंबरचा सेन्सर सतत पीएच ७.४ आणि तापमान ३७ दाखवतोय. पाणी तर गार आहे. बादलीत बुडवला, ज्याचा पीएच पक्का ठाऊक असतो त्या द्रावणात बुडवला, तरी तेच. काका म्हणाले, हे तर जित्याजागत्या माणसाच्या रक्ताचे आकडे, डॉक्टरला दाखव याला. मीही हसलो.

११ मार्च
सकाळी तापमान ३९. थोड्याच वेळात बायकोचा फोन. चिमणीला ताप भरलाय. योगायोग असेल.

१२ मार्च
योगायोग नाही. ताप उतरला तसा आकडाही उतरला. सेन्सर तपासायला काढून टेबलावर ठेवला होता, काच सुकली. तेवढ्यात बायको धावत आली. चिमणीची जीभ टाळूला चिकटलीय, गिळता येत नाही. सेन्सर पाण्यात घातला. बायकोमागे घरी पळालो, तर चिमणी भोकाड पसरून रडत होती. ते रडणं ऐकून बरं वाटलं.
तो ब्रश वापरायला नको होता.

१४ मार्च
साहेब म्हणाले, मेलेला सेन्सर फेकून दे, नवा आलाय. फेकू?
मीटरसकट चोरून घरी आणला. काच सुकू नये म्हणून मिठाच्या द्रावणात, बरणीत, कपाटावर. भीती वाटतेय. बायकोला काय सांगू—

१५ मार्च
चिमणीच्या ओठांच्या कडेला पांढरं मीठ. पुसलं. परत आलं.
वर्ष-दीड वर्ष म्हणाले होते काका. हा सेन्सर कधीचा आहे विचारलं, तर कुणालाच आठवत नाही.

१६ मार्च
द्रावण बदलायला बरणी खाली काढली. फुगा काठाला लागला. अगदी हलकेच.
काचेवर केसाएवढी रेघ—
चिमणी पलंगावरून हाका मारतेय. बाबा, इथे खाजतंय, म्हणते. केस मागे सारून दाखवतेय, कपाळावर—