ऋतिकाच्या पत्रिकेची फाइल

६ जानेवारी २०२५, सोमवार

डबा आणला. खोपोलीच्या सिराजभाईंच्या दुकानातून, एसटीत मांडीवर घेऊन. काळा, चपटा, एका कोपऱ्यात स्टिकर – ‘स्टोअर्स २’. खालापूरकडच्या कुठल्याशा कारखान्यानं ऑफिसातले जुने कॉम्प्युटर एकगठ्ठा काढले. ते सिराजभाई पुसून-झटकून, नवी डिस्क घालून विकतात.

म्हणाले, "वयनी, नव्या मॅकच्या नादाला लागू नका. ह्याच डब्याला आपन पटवू का तू मॅक हायेस. हॅकिंटॉश म्हंतात त्याला. कंपनीला पसंत नाय, पन चालतंय."

मॅक, म्हणजे सफरचंदाच्या खुणेचा कॉम्प्युटर, लागतो कारण ह्यांची सगळी कामं मॅकवरची. कर्जतचं आमचं लग्नपत्रिकांचं दुकान दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून दीड महिना बंद होतं. उघडलं तर ह्यांचा मॅक चालूच होईना. बोर्ड गेला. आतली डिस्क ठीक आहे म्हणतात, पण तिच्यातल्या फाइली ज्या प्रोग्रॅममध्ये केल्यात तो दुसऱ्या कशावर चालत नाही.

लोक आता ‘साईनाथ होता’ म्हणतात. मी लिहिताना अजून ‘हे’च लिहिते. सवय.

७ जानेवारी

एक फाइल हवी आहे. बाकीच्या गेल्या तरी चालतील.

ऋतिकाची – माझ्या नणंदेची – पत्रिका. सप्टेंबरात जेवता जेवता हे म्हणाले होते, "ऋतिकाची पत्रिका लावलीय मी. तारीख ठरली की दाखवतो." साखरपुडा झाला होता, तारीख नव्हती. मग हेच गेले. आता सगळ्यांचं म्हणणं, वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा. अक्षय्य तृतीया धरलीय, ३० एप्रिल.

पनवेलचा एकजण म्हणाला, डिस्क आठ दिवस ठेवून जा, काढून देतो. नाही ठेवली.

८ जानेवारी

आज डब्याची पूजा. दुकानात कुठलंही मशीन आलं की आईंना, म्हणजे सासूबाईंना, पूजा हवीच, मग ते कारखान्यात दहा वर्षं झिजून आलेलं का असेना. त्या खास कळंबहून रिक्षानं आल्या. हळदकुंकू ऋतिकाला लावायला लावलं. मी नारळ उचलला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, ऋतिका फोडंल."

राहू दिलं. वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपला वाटत नाही – तसं आहे सगळं. चावलं तरी कळत नाही.

९ जानेवारी

सिराजभाईंनी दिलेल्या यादीप्रमाणे पेन ड्राइव्ह तयार केला. मॅकची सिस्टीम उतरवून घ्यायची, तिच्याबरोबर एक फोल्डर ठेवायचं, त्या फोल्डरमध्ये डब्याला फसवायची सगळी सामग्री. माहिती इंग्रजीतून. ऋतिका वाचते, मी करते. ती नेरळच्या शाळेत शिकवते, त्यामुळे वाचताना मधेच थांबून "समजलं?" असं विचारते.

डब्याला पेन ड्राइव्ह दिसत नाही.

१० जानेवारी

दिसत नाही. पुन्हा पहिल्यापासून उतरवून घेतलं. दिसत नाही.

११ जानेवारी, शनिवार

डबा पुन्हा खोपोलीला. सिराजभाईंनी पेन ड्राइव्हच्या फटीत बॅटरी मारली आणि हसायलाच लागले. आत ओलं कुंकू वाळून बसलेलं, आणि एक अख्खा तांदूळ! ऋतिकानं मनापासून अक्षता टाकल्या होत्या.

"वयनी, असला व्हायरस मी पयल्यांदा पायला."

मीही हसले. आवाज आला तोंडातून, म्हणजे हसलेच असणार. त्यांनी सुईनं साफ करून दिलं. चहा पाजला. निघताना म्हणाले, "साईनाथभाई लय सबुरीचा मानूस. असा अचानक जायला नको होता."

सगळे हेच म्हणतात. अचानक. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या, समोर झेंडूची फुलं, दुसऱ्या दिवशी मशीनला घालायच्या हारासाठी आणलेली. मी पाठीमागे पाकिटं मोजत होते. खुर्ची करकरली एवढंच. वय चव्वेचाळीस. कधी दुखलं-खुपलं नाही, कधी काही बोलले नाहीत.

अचानक हा शब्द मला पुरतो. अचानक म्हणजे कुणाचं चुकलं नाही. पाठीमागे बसलेल्या बाईचंसुद्धा नाही. ह्या एका शब्दावर मी तीन महिने काढलेत.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ तीन घरांतून आला. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. बरं झालं, दुपार मोकळी मिळाली. डब्याच्या सेटिंगमध्ये सात गोष्टी बंद करायच्या होत्या आणि चार चालू. केल्या.

१७ जानेवारी

आज घात झाला असता.

ह्यांच्या मॅकमधली डिस्क सिराजभाईंनी काढून एका छोट्या डबीत बसवून दिलीय. म्हटलं, निदान दिसते का बघू. दुकानातल्या जुन्या विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडली. लगेच पाटी आली – ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

ऋतिकाचा हात माऊसवर होता. पाटी आली की ‘हो’ दाबायचं, ही सगळ्यांचीच सवय. मी तिचं मनगट धरलं. इतकं जोरात की तिच्या बांगडीचा वळ उठला. "वहिनी, सॉरी, सॉरी," म्हणत राहिली. पुसली गेली असती सगळी डिस्क.

छाती धडधडायला हवी होती. मी डबी काढली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. मग शांतपणे एका मुंजीच्या आमंत्रणाचं प्रूफ तपासलं. दोन चुका सापडल्या.

२० जानेवारी

सफरचंद आलं! काळ्या पडद्यावर पांढरं सफरचंद, ‘स्टोअर्स २’च्या डब्यावर. मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर पळाल्या आणि एका ओळीवर थांबल्या. अर्धा तास तीच ओळ.

२१ जानेवारी

तीच ओळ.

२२ जानेवारी

तीच.

२५ जानेवारी, शनिवार

मोरूकाका दुकानात आले. ह्यांचे धाकटे चुलते, आता घरातले कर्ते. पत्रिकेच्या नावांची यादी घेऊन आले, वहीच्या पानावर, शेजारच्या मुलीकडून सुवाच्य लिहून घेतलेली.

आमच्याकडे पत्रिका म्हणजे नावांचा कारभार. कोण वर, कोण खाली, कोणाच्या नावाआधी काय. एक नाव राहिलं तर भावकी पंगतीला येत नाही. आमच्या दुकानात लोक डिझाईन पाच मिनिटांत ठरवतात आणि नावांवर दोन दिवस घालवतात. त्यामुळे यादी हातात आली की मी धंद्याच्या नजरेनंच वाचते.

निमंत्रक – श्री. मोरू गणू कराळे. आईबापांच्या जागी कै. धाऊ आणि श्रीमती सोनुबाई. खाली कै. साईनाथ. मग चुलते, मामा, आत्या, सरपंच, क्रिकेट संघ.

माझं नाव नव्हतं. पुन्हा वाचली. नव्हतंच. शेवटी ‘समस्त कराळे परिवार’. त्यात मी आले असणार.

मोरूकाकांना कळलं मी काय शोधतेय. वाईट माणूस नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे बघ हर्षला, साईनाथ असता तं तुमा दोगांचंच नाव वर असतं. आता तुजं एकटीचं वर घातलं तं पोराकडचे बोलतील. शुभकार्य हाय. मला काय वाटत नाय गं, पन लोकांची तोंडं कोन धरनार?"

मी म्हटलं, "चालेल काका."

खरंच चाललं. कुठे काही लागलं नाही. त्यांना पाणी दिलं, यादी फायलीत लावली.

२६ जानेवारी

ऋतिकाला यादी कळली. काकांशी भांडली, आईंशी भांडली, मग माझ्याशी. "माझी फी कोणी भरली वहिनी? दादानं आणि तू. मला मोरूकाकांचं आमंत्रण नकोय. आणि तू नुसती चालेल चालेल काय करतेस? तुला काहीच वाटत नाही का?"

नाही वाटत. तसं तिला सांगितलं. ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, आणि ती अडकलेली ओळ आठवत होते.

आई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "मोरूभावजी वडील मानूस हायेत. वडलांचंच नाव लागतं." मग थोड्या वेळानं, कुणालाच उद्देशून नाही, "माजं बी कुटं लागलं व्हतं पोरांच्या बारशाला." आणि भाकरी थापायला लागल्या.

२९ जानेवारी

ओळ सुटली. एका ठिकाणी ‘हो’ होतं, तिथे ‘नाही’ हवं होतं. नऊ दिवस. प्रूफ वाचणारीला नऊ दिवस दिसलं नाही म्हणजे कमाल आहे.

सिराजभाईंना फोन केला. "मुबारक वयनी! आता घाई नका करू. ‘दोन मिनिटं बाकी’ म्हनंल आनि तासभर बसंल. बसू द्या." तसंच झालं. दोन मिनिटं बाकी – तासभर. मी तेवढ्यात सत्यनारायणाची शंभर आमंत्रणं घड्या घालून ठेवली.

मग पडद्यावर एकेका भाषेत नमस्कार यायला लागला. मी बघत बसले. हे असते तर "बघ, बघ" म्हणून हाक मारली असती.

३१ जानेवारी

आवाज येत नाही. झोपवला की उठत नाही. रंग मात्र ठीक. आम्हाला आवाज कशाला लागतो, पत्रिका काही गात नाही.

सिराजभाई स्वतः आले, खोपोलीहून, शुक्रवार असून. नमाज कर्जतलाच पढले. आवाजाचं काही जमलं नाही, पण नेट लावून दिलं. ह्यांच्या फाइलींचा तो प्रोग्रॅमही नेटवरून उतरवून बसवला. कामाचं काही घेतलं नाही. म्हणाले, "साईनाथभाईनं माज्या पोरीची, इल्माची, शादीची दावत-पत्रिका केलीती. उर्दूचा एक नुक्ता, एक टिंब चुकला नवता. आक्षर येत नवतं त्याला, पन नुक्ता चुकला नाय."

हे मला माहीत नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

डिस्क जोडली. कुणीही फॉरमॅट करू का विचारलं नाही. डबी पडद्यावर आपसूक उभी राहिली, ह्यांनी दिलेल्या नावानं – ‘दुकान’.

आत वर्षावार फोल्डर. वर्षात गावं. पोशीर, कोंडाणे, कळंब, नेरळ. गावांत आडनावं. एवढी टापटीप घरात कधी केली नाही, मोजे कायम सोफ्याखाली. ‘घरचं’ असं एक फोल्डर. त्यात एकच फाइल – ऋतिका.

उघडली.

सगळे चौकोन. ह्यांचे मराठी फॉन्ट नव्या डब्यावर नाहीत, म्हणून अक्षराच्या जागी रिकामा चौकोन. वर गणपती तेवढा दिसतो. मग चौकोनांच्या ओळी, लहान, मोठ्या. मधे एक ओळ बाकीच्यांपेक्षा मोठी.

चौकोनांतूनही ह्यांचा हात ओळखू येतो. डावीकडे जास्त जागा सोडायची खोड. त्यावरून आमची किती भांडणं!

ऋतिका म्हणाली, आत्ताच फॉन्ट टाकू. मी म्हटलं, उद्या. का म्हटलं माहीत नाही. दोन महिने जी उघडायला धडपडले, ती समोर आल्यावर उद्या म्हटलं.

३ फेब्रुवारी

आज सकाळी एकटीच दुकानात आले. फॉन्ट टाकले. फाइल पुन्हा उघडली, चौकोनांची अक्षरं झाली.

मोठी ओळ – निमंत्रक: श्रीमती हर्षला साईनाथ कराळे. एकटी मी. मोरूकाका माझ्या खाली, ‘आपले नम्र’मध्ये.

वधूच्या नावाखाली – कै. धाऊ गणू कराळे यांची कन्या, कै. साईनाथ यांची बहीण.

‘कै.’ – ह्यांनी स्वतःच, स्वतःच्या नावाआधी लिहिलेलं. फाइल शेवटची सेव्ह केली २७ सप्टेंबरला. गेले ११ ऑक्टोबरला. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं असणार. ह्यांनी पत्रिकेला सांगितलं, मला नाही. पुढचे चौदा दिवस माझ्या शेजारी बसून जेवले.

राग आला. इतका की टेबलावरचा पाण्याचा तांब्या फेकून दिला. भिंतीवर अजून ओल आहे.

मग बसले. तारखेची जागा रिकामी सोडली होती. ३० एप्रिल घातलं, बाकी एका अक्षराला हात लावला नाही, आणि पाचशे प्रती छपाईला लावल्या.