सात-चाळीसचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.५०
आजपासून नोंद. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. ७.४० ला लाल स्पोर्ट्स कार गल्लीतून गेली. ९२ डेसिबल. आमच्या घरासमोर वेग कमी, मग दोनदा रेस. मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवला आहे. हा गुन्हा आहे. मोटार वाहन नियम १२० वाचून काढला. एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. गप्प बसणार नाही. महिन्याभरात गल्ली शांत करून दाखवीन.
गाडी माझ्या मुलाची, अजिंक्यची आहे. त्याचा इथे संबंध नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
७.४०. ९१.
रेकॉर्डसाठी: इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून त्यानं अक्कलकोट रस्त्याला शेखलालबरोबर गॅरेज काढलं. मे महिन्यात ही गाडी दाखवायला आणली. मी म्हणाले, माझ्या दारात ही थांबता कामा नये. तेव्हापासून थांबत नाही. नुसती जाते. शिस्त मीच लावली, तेवढी तरी टिकली.
बोलणं तेव्हापासून बंद. दिवाळीला माफी मागेल असा अंदाज होता. आता संक्रांत धरू.

८ नोव्हेंबर, शनिवार
७.४१. ९३.
गॅरेजपासून त्याच्या खोलीवर जायला आमची गल्ली वाटेत लागतच नाही. खोली जुळे सोलापूरला. रोज पाच किलोमीटरचा वळसा. पेट्रोलची नासाडी. हा मुद्दा तक्रारीत घालावा.
शेजारच्या हुसेनबीनं विचारलं, रोज त्याच वेळेला गॅलरीत कसं? म्हटलं, मोजमाप गॅलरीतूनच घ्यावं लागतं. ती हसली. शिक्षण कमी, त्याला इलाज नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
वाहतूक शाखेत गेले. साहेब निघाला आदिनाथ, माझा जुना विद्यार्थी. खुर्चीतून उठून उभा राहिला. अजून भीती वाटते म्हणाला. वाटली पाहिजे.
नोंदींचा तक्ता स्वतःच्या अक्षरात करून दिला. गाडीमालक कोण हे सांगितलं नाही. कायदा गाडीचा नंबर बघतो.
योजना पक्की आहे. नोंदणी आपल्याच घरच्या पत्त्यावर. नोटीस इथे येणार. ती न्यायला त्याला दार वाजवावंच लागेल. आधी दहा मिनिटं सुनावणार, मग काय ते बघू. शेंगदाणे आणून ठेवले. शेंगापोळीचा विचार आहे. नक्की नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
काल नोंद नाही. आजही नाही. ८.१५ पर्यंत थांबले. तक्त्यात दोन मोकळ्या जागा, वाईट दिसतात. केवळ रेकॉर्ड पूर्ण असावं म्हणून गॅरेजला फोन केला. त्यानंच उचलला. हॅलो म्हणाला. सर्दी झालेली वाटते. मी फोन ठेवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
७.४०. ९४. आजवरचा सर्वात मोठा आवाज. पुरावा भक्कम झाला. रात्री दोन भाकरी खाल्ल्या. थंडीनं भूक लागते.

२४ नोव्हेंबर, सोमवार
आदिनाथचा फोन. सात रस्ता चौकात गाडी पकडली. सायलेन्सर काढून घेतला, दंड केला. मग चाचरत म्हणाला, बाई, मालकाचं आडनाव तुमचंच दिसतंय. म्हटलं, असेल. समज देऊन सोडू का, विचारलं. म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.
यश. उद्या-परवा नोटीस येईल. गूळ आणला.

२६ नोव्हेंबर, बुधवार
पोस्टमन आला. विजेचं बिल. आदिनाथला फोन केला. चलन आता थेट मालकाच्या मोबाइलवर जातं म्हणे. घरी कागद येत नाही. ही पद्धत सदोष आहे. वर लिहिणार आहे.
सकाळीच शेंगापोळ्या केल्या होत्या. हुसेनबीला दिल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, पोरगं हाय की तुमचं. यायला त्याला नोटीस कशाला लागती? नुसतं ये म्हनायचं."
तिला योजनेतली गुंतागुंत कळलेली नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
चार दिवस गल्ली शांत. ७.४० ला मीटर ३८ दाखवतो. एवढ्या शांततेत अ‍ॅप नीट चालतं का, शंका आली. चौकशी केली. मोबाइलचं मोजमाप प्रमाणित धरत नाहीत. म्हणजे माझी तक्रार तांत्रिकदृष्ट्या कच्ची. लगेच आदिनाथला सांगितलं, मागे घेते, सायलेन्सर परत द्या. म्हणाला, बाई, सकाळीच साठ सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवला.

२९ नोव्हेंबर, शनिवार
पेपरात फोटो आहे. भिंगानं पाहिला. कुठला कोणाचा, कळत नाही.

६ डिसेंबर, शनिवार
गॅरेजला गेले. पर्यावरणविषयक पाहणी, एवढाच हेतू. शेखलालनं स्टूल पुसून दिलं. अजिंक्य दिसला नाही. सोमवारी पुण्याला गेला म्हणे. गाडी विकली. तिथल्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. नंबर बदलला आहे. नवा द्यायचा नाही असं बजावून गेलाय.
एका गाडीच्या दंडासाठी एवढं? मी विचारलं.
शेखलालनं हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हणाला, "दंडाचं न्हाय ओ बाई. साहेबांनी त्याला तक्ता दावला. तुमचं अक्षर. त्याला वाटायचं, आई गॅलरीत आपली वाट बघती. म्हणून सर्दी-तापात बी जायचा. तक्ता बघून म्हनला, शेखलाल, ती वाट बघत नव्हती रे. नोंद करत होती."
मी विचारलं, वेळा बरोबर होत्या का, काही म्हणाला का?
शेखलालनं चहा सांगितला. मी घेतला नाही.
सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस. या पाचही दिवशी मी गॅलरीत होते.

९ डिसेंबर, मंगळवार
सकाळी रेकॉर्ड केलेला फोन आला. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. समाधानी असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा.
दोन दाबलं.
कारण सांगा, रेकॉर्डमधली बाई म्हणाली. बीप वाजली. बोलायला तीस सेकंद होती. आपला प्रतिसाद ऐकू आला नाही, असं म्हणून तिनं फोन बंद केला.